खेळ आठवतो, खेळ करणारा आठवत नाही

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन निवांत वाचा.

आपल्या बऱ्हाणपूरच्या आठवणींमध्ये इथे आजवर बरंच काही येऊन गेलं. मावा जिलेबी झाली, दराबा झाला, मांडे झाले, तापीचे पूर झाले, पावरलूमचा रात्रभर चालणारा खडखडाट झाला. मागच्या महिन्यात कुणीतरी उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या पत्त्यांवर लिहिलं आणि खाली आठवणींचा पाऊस पडला. बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट, झब्बू, लाडीस, गुलामचोर. कुणाची आजी सोंगट्यांत लबाडी करायची, कुणाचे मामा व्यापार खेळताना हरायला लागले की पट उधळून द्यायचे. वाचून खूप हसले. पण दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जाईना. एवढ्या सगळ्यांनी लिहिलं, त्यात खेळणाऱ्यांची नावं होती, खेळांची नावं होती, हरलेल्यांची तर होतीच होती. खेळ कुणी बनवला हे एकानेही लिहिलं नाही. लिहिणार तरी कसं? आपल्याला माहीतच नाही. खेळ म्हणजे पावसासारखा, आपोआप पडतो, असंच आपण धरून चालतो.

मला आज याच्या उलट बाजूने बोलायचं आहे. खेळ कुणीतरी बनवतो. रात्र रात्र बसून बनवतो. आणि असा एक माणूस आपल्याच गावात आहे.

नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही, आणि मला त्यांची कीव मागायची नाही. काका म्हणू. जुन्या लोकांनी ओळखलं तर मनातच ठेवा. काकांचा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा कारखाना होता. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, गणपती मंडळांचे बॅनर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी असीरगडावर एक खेळ तयार केला. पट पुठ्ठ्याचा नव्हता. आपल्याच गावच्या मागावरचं जाड सुती कापड, त्यावर तीन रंगांत छपाई. गुंडाळून पिशवीत टाकता येईल असा. एक जण गडावर, दुसरा गडाखाली. गडावरच्याने धान्य आणि पाणी पुरवून वापरायचं, खालच्याने वाटा अडवायच्या. त्यातली गंमत अशी होती की तोफा डागून गड पडायचाच नाही. तो पडायचा रोगराईने, उपासमारीने आणि फितुरीने. १६०१ च्या जानेवारीत अकबराच्या हाती असीरगड लागला तो जवळपास असाच. म्हणजे खेळणाऱ्या पोराला इतिहास पाठ करावा लागत नव्हता, तो हरता हरता शिकत होता.

दोनेकशे पट त्यांनी छापले. बालाजीच्या मेळ्यात सतरंजी टाकून विकले. लोकांनी घेतले. मग बाहेरगावचा एक व्यापारी नमुना म्हणून चार पट घेऊन गेला, ऑर्डर देतो म्हणाला. ऑर्डर आली नाही. पुढच्या दिवाळीत दुसऱ्याच गडाच्या नावाने, पुठ्ठ्यावर, झकपक खोक्यात तोच खेळ बाजारात आला. नियमाचा कागदसुद्धा जवळपास तोच. काकांनी एक-दोन वकिलांना विचारलं, खर्चाचा आकडा ऐकला आणि गप्प बसले. पुढे फ्लेक्स आला, स्क्रीन प्रिंटिंगचा धंदाही बसला.

आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांच्याकडे नवा खेळ तयार आहे. केळीचा. त्यांना परत या धंद्यात यायचं आहे. हे ऐकून घरचे आणि ओळखीचे काय म्हणतात ते तुम्हीही ओळखलं असेल. "आता या वयात?" आणि "मोबाइलच्या जमान्यात पट मांडून कोण बसतंय?"

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर द्यावं म्हणून मी हे लिहायला बसले. माझं मत सुरुवातीलाच सांगते. काकांना सत्काराची गरज नाही. त्यांना तीन गोष्टी हव्यात: खोक्यावर नाव, हाताशी कागदपत्रं आणि समोर खेळायला माणसं. यातली पहिली ते स्वतः करू शकतात, दुसरी कुणीतरी शिकलेल्याने करून द्यावी लागेल, आणि तिसरी आपल्याशिवाय होणार नाही.

आधी मोबाइलचं बघू. लॉकडाऊनमध्ये अर्धा देश काय खेळत होता? लुडो. ज्या ॲपवर खेळत होता ते नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेलं. आणि लुडो म्हणजे कोण? आपलीच पचिशी. तीच पचिशी अमेरिकेत गेली, तिथे १८७४ मध्ये 'पार्चीसी' नावाने तिची नोंदणी झाली. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये थोडा फेरफार करून 'लुडो' म्हणून पेटंट घेतलं गेलं. मोक्षपटाचंही तेच. शिड्या पुण्याच्या, साप पापाचे, शेवटी मोक्ष. आपल्याकडे ओव्या लिहिलेले जुने मोक्षपट सापडतात, आणि परंपरा त्यांचा संबंध थेट ज्ञानदेवांशी जोडते. १८९० च्या दशकात हा खेळ इंग्लंडच्या बाजारात आला, १९४३ मध्ये अमेरिकेत सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. पुण्य गेलं, पाप गेलं, उरले फासे.

म्हणजे मोबाइलने पट मारला असं मला वाटत नाही. पट मोबाइलमध्ये जाऊन बसला. माणसाला समोरच्याला हरवायचं असतं, ते कुठे बदललंय? बदललं इतकंच की पैसा खेळाच्या मागे गेला, खेळ करणाऱ्याच्या मागे कधीच आला नाही. पचिशी कुणी बनवली याचा पत्ता नाही म्हणून तिच्यावर कुणीही नाव टाकलं. जुन्या खेळांचं ते झालं, त्याला आता इलाज नाही. पण ज्यांचा पत्ता आहे त्यांचं तरी नीट झालं का?

ज्यांच्या घरी व्यापार खेळला गेला त्यांनी पुढची गोष्ट लक्ष देऊन वाचावी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता विकत घ्यायचे, भाडं वसूल करायचं, तुरुंगात जायचं, फेरी पुरी झाली की पैसे मिळायचे. हा 'मोनोपॉली'चा देशी अवतार हे बहुतेकांना माहीत आहे. मोनोपॉली कुणी बनवली म्हणून विचारलं तर वर्षानुवर्षं एक नाव सांगितलं जायचं, चार्ल्स डॅरो. मंदीत नोकरी गेलेला गरीब माणूस, घरच्या टेबलावर खेळ बनवतो आणि श्रीमंत होतो. छान गोष्ट आहे. फक्त खरी नाही.

मूळ खेळ एका बाईचा. लिझी मॅगी. जन्म १८६६, नोकरी लघुलेखिकेची. हेन्री जॉर्ज नावाच्या अर्थविचारवंताची ती अनुयायी होती. जमीन कुणी तयार केलेली नाही, तेव्हा तिच्या भाड्यावर मूठभरांनी गब्बर होऊ नये, असं त्यांचं म्हणणं. हे भाषणं देऊन लोकांना पटत नाही म्हणून तिने पट केला: 'द लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ. १९०३ मध्ये अर्ज, ५ जानेवारी १९०४ ला पेटंट. त्याला नियमांचे दोन संच होते. एकात कुणीही संपत्ती निर्माण केली की सगळ्यांना वाटा, दुसऱ्यात एकाने सगळ्यांना भिकेला लावायचं. दोन्ही खेळून बघा आणि ठरवा, असा तिचा बेत. लोकांनी दुसराच उचलला!

तो खेळ तीस वर्षं हातोहात फिरला. लोक घरी पट रंगवायचे, आपापल्या गावच्या रस्त्यांची नावं टाकायचे. असाच एक पट डॅरोकडे आला आणि १९३५ मध्ये त्याने तो पार्कर ब्रदर्स कंपनीला स्वतःचा म्हणून विकला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. कंपनीला मागाहून कळलं की मॅगीबाईंचं पेटंट आहे. त्यांनी तिच्याकडून ते ५०० डॉलरला घेतलं. दर खोक्यामागे हिस्सा काही नाही. ती का तयार झाली? तिला वाटलं, मोठी कंपनी आहे, आता माझा खरा खेळ घरोघरी जाईल, माझा विचार पोचेल. कंपनीने तिचे आणखी दोन खेळ काढले, १९३९ मध्ये जमीनदाराचा खेळही काढला. फारसं काहीच खपलं नाही. मोनोपॉली मात्र धो धो चालली.

मला सगळ्यात लागली ती १९४० च्या अमेरिकन जनगणनेतली नोंद. सत्तरी ओलांडलेल्या या बाईने व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, खेळ बनवणारी. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. शून्य उत्पन्न असताना माणूस जुनी नोकरी लिहितो, निवृत्त लिहितो, गृहिणी लिहितो. ती तसं काही लिहीत नाही. अजून मी याच धंद्यात आहे असं ती सरकारी कागदावर सांगते आहे. १९४८ मध्ये ती गेली. तिचं नाव पुढे वर आलं तेही अपघाताने. १९७० च्या दशकात एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला, त्याच्यावर खटला झाला, आणि स्वतःचा बचाव करायला त्याने जुने कागद खणले तेव्हा ही बाई सापडली.

काकांशी मी हे बोलले. ते म्हणाले, "पाचशे डॉलर तरी मिळाले ना तिला." आणि हसले. त्या हसण्यावर काय बोलणार?

तर मग उपेक्षित खेळकर्ता परत येऊच शकत नाही का? येऊ शकतो. त्याचं उदाहरण आपल्याच भाषेच्या मुलखात आहे, सावंतवाडीला.

गंजिफा हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल, पत्ते थोड्यांनीच हातात घेतले असतील. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. कागदाचे थर, चिंचोक्याची खळ, खडूचा लेप, वर रंग आणि लाखेची चकाकी. हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्या, असं बाबरनाम्यात आहे. अबुल फजलने 'ऐने अकबरी'त अकबराच्या बारा रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या गंजिफांचं वर्णन केलं आहे. हाच अबुल फजल असीरगडच्या वेढ्याच्या वेळी आपल्या भागात होता. म्हणजे गंजिफांची इतकी बारकाईने नोंद करणारा माणूस आपल्या गावापासून वीसेक किलोमीटरवर राहून गेला आहे. एवढं आपलं नातं त्या पत्त्यांशी आहेच.

दक्षिणेत आल्यावर गंजिफांना दशावतार भेटले. दहा अवतार, दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२०. राजा, प्रधान, मग एक्क्यापासून दश्श्यापर्यंत. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत क्रम उलटा, एक्का मोठा. हुकूम नाही. तिघांनी खेळायचं. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतरायचं, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. पडलेला प्रत्येक पत्ता लक्षात ठेवावा लागतो. मेंढीकोटवाल्यांनो, करून बघा, घाम फुटेल.

सावंतवाडीला चितारी मंडळी हे पत्ते पिढ्यान् पिढ्या करत आली होती. छापील इंग्रजी पत्ते स्वस्त मिळायला लागले आणि हे मागे पडले. शेवटी अशी वेळ आली की गंजिफा करणारे म्हणून पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध गृहस्थ जवळपास एकटेच उरले. त्या वेळी राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी काय केलं? पुंडलिकबुवांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं नाही. ते दोघं त्यांच्यासमोर शिकायला बसले. स्वतः कुंचला हातात घेतला. मग तरुण मुलांना शिकवलं, १९७१ मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' उभी केली, आणि राजवाड्याच्या दरबारात रंगकाम सुरू झालं. आजही तिथे गेलात तर कारागीर बसून पत्ते रंगवताना दिसतात. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

यातून मी जे घेतलं ते असं. म्हातारपणी परत येता येतं, फक्त समोर शिष्य बसावा लागतो आणि हातात काम पडावं लागतं. पुंडलिकबुवांचं वय आड आलं नाही, कारण कुणी त्यांना वय विचारलंच नाही. त्यांना कसं करायचं ते विचारलं.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. गंजिफा परतल्या त्या कला म्हणून. लोक त्या विकत घेतात, चौकटीत घालून भिंतीवर लावतात, परदेशी पाहुण्याला भेट देतात. त्यावर डाव मांडून बसणारे तिघे शोधायला मात्र वणवण करावी लागेल. चित्रकार वाचला याचा आनंदच आहे. पण खेळ म्हणून खेळ वाचला का? भिंतीवरच्या पत्त्याला उतारी नसते. आणि मानांकन गावाला मिळतं, माणसाला नाही. म्हणून काकांच्या बाबतीत मला कौतुकाची भीती वाटते. आपण त्यांचा जुना कापडी पट एखाद्या प्रदर्शनात काचेखाली ठेवू, फोटो काढू, 'बऱ्हाणपूरचा वारसा' असं खाली लिहू, आणि नवा खेळ वहीतच राहील.

आता नव्या खेळाबद्दल. मी तो चार वेळा खेळले, तीनदा हरले. दोन ते चार जणांचा आहे. प्रत्येकाला सुरुवातीला थोडी जमीन आणि थोडं कर्ज. मृगबाग लावायची की कांदेबाग, ते ठरवायचं. टिश्यूकल्चरचं रोप महाग, साधं खोड स्वस्त पण रोगाला लवकर बळी पडणारं. पत्ते उलटत जातात तसा करपा येतो, वीज जाते, ठिबकची नळी फुटते. आणि मे-जूनच्या घरात पोचलात की वादळाचा पत्ता कधीही निघू शकतो. खरी मजा शेवटी आहे. घड तयार झाला, आजचा भाव समोर आहे. कापायचा की दोन दिवस थांबायचं? थांबलात तर भाव चढेल किंवा वारा सुटेल. शेजारचाही कापणार असेल तर ट्रक दोघांत एकच. भागीदारी करा, नाहीतर त्याच्याआधी गाडी भरा. एक बाग गेल्यावर पिलबाग राखायची की मोडायची, यावर आमच्या घरी परवा खरंखुरं भांडण झालं. माझा भाचा इंदूरला शिकतो, केळीची बाग त्याने आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेली. दोन तासांनी तो म्हणाला, "मावशी, शेतकरी दोन दिवस का थांबत नाही ते आज कळलं."

"केळीवरचा खेळ कोण घेणार?" असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, जर्मनीत निव्वळ शेती करण्यावर 'ॲग्रिकोला' नावाचा खेळ २००७ मध्ये निघाला आणि जगभर गेला. त्याच देशातला 'कातान', १९९५ चा, तो करणारे क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते. कामावरून थकून यायचे आणि घरी खेळ मांडायचे. मेंढ्या, विटा, धान्य, लाकूड यांची देवाणघेवाण, एवढाच तर मामला. त्या मानाने आपली केळी काय कमी नाट्याची आहे?

जर्मनीत हे जमलं याचं एक कारण माझ्या मते फार साधं आहे. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात तेरा खेळकर्ते एकत्र बसले आणि बिअरच्या पेल्याखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर त्यांनी लिहून सह्या केल्या: खोक्यावर आमचं नाव छापणार नसाल तर आम्ही खेळ देणार नाही. कायदा नाही, मोर्चा नाही, तेरा सह्या. पुढे १९९१ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली. आज तिथे लोक पुस्तकासारखा खेळ लेखकाचं नाव बघून घेतात. नाव छापलं की चोरीला आळा बसतोच असं नाही, पण चोर कोण आणि मालक कोण हे दुकानात उभ्या गिऱ्हाइकालाही कळतं.

कायद्याचं थोडं बोलते, कारण काकांसारखे लोक इथेच अडतात. आपल्या पेटंट कायद्याच्या, १९७० च्या, कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की खेळ खेळण्याची पद्धत हा शोध धरला जाणार नाही. म्हणजे केळीच्या खेळाच्या युक्तीला पेटंट मिळणार नाही. पण म्हणून हात झाडून मोकळं व्हायचं कारण नाही. पटाचं चित्र आणि नियमांचा लिहिलेला मजकूर यांना कॉपीराइट आहे, करणाऱ्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. तो नोंदणीशिवायही असतो, पण नोंद असली तर भांडताना कागद हातात राहतो. खेळाच्या नावाला ट्रेडमार्क घेता येतो. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. हाताने कापडावर छापणारा माणूस त्यात बसतो का, मोठ्यांचा खेळ म्हणून काढावा का, हे सगळं कुणीतरी बसून बघायला हवं. या पानावर वकील आहेत, सीए आहेत, सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालवलेले लोक आहेत. एका रविवारचं काम आहे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप एका माणसाच्या हौसेसाठी कशाला? पैसे तर सुटणार नाहीत. हिशेब करून बघू. पाच हजार खोकी छापायला पुण्या-मुंबईची कंपनी लागेल, हे कबूल. पण शंभर पट कापडावर छापायला काकांची जुनी चौकट, एक मदतनीस पोरगा आणि आपल्याच गावचं कापड पुरतं. फासे आणि सोंगट्या बाजारात तयार मिळतात. शंभरातले साठ जरी या पानावरच्या मंडळींनी घेतले तरी पहिल्या छपाईचा खर्च निघावा. दिवाळीला आपण भाच्या-पुतण्यांना जे प्लास्टिक देतो, जे भाऊबीजेपर्यंत मोडतं, त्याच्या किमतीत हे बसेल.

आणि हौस या शब्दावर माझी हरकत आहे. मागावर कापड विणणाऱ्याला आपण हौशी म्हणत नाही, नाटक लिहिणाऱ्याला लेखक म्हणतो. खेळ करणाऱ्याला मात्र "काहीतरी करत असतात बसल्या बसल्या" म्हणतो. खेळ करणं हे नाटक लिहिण्याइतकंच अवघड आहे, वर नटांना संवाद पाठ नसतात आणि दर वेळी शेवट वेगळा व्हावा लागतो. काकांनी वादळाचे पत्ते किती ठेवावेत यावर आठ महिने घालवले. पाच ठेवले तर सगळेच बुडतात, दोन ठेवले तर कुणी घाबरत नाही. आता तीन आहेत. हे काम आहे, मंडळी. कामाला नाव आणि दाम दोन्ही लागतं.

म्हणून माझं म्हणणं ठोस आहे. एक, गणेशोत्सवात आपल्या मंडळांत संगीत खुर्ची आणि अंताक्षरी होतेच, यंदा एक संध्याकाळ पटावरच्या खेळांची ठेवू. चार पट मी आणते. दोन, रावेर, भुसावळ, जळगावकडे ज्यांचे शाळेत शिकवणारे नातेवाईक आहेत त्यांनी एक पट शाळेत नेऊन बघावा. केळीच्या पट्ट्यातली मुलं याचे दोष आपल्यापेक्षा लवकर काढतील, आणि काकांना दोषच हवे आहेत. तीन, कागदपत्रांसाठी एक रविवार कोण देतं ते सांगा. चार, खोक्यावर, म्हणजे पिशवीवर, काकांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात छापलं जाईल. याला ते नाही म्हणत आहेत. "नाव कशाला, खेळ चालला म्हणजे झालं," म्हणतात. या एका बाबतीत त्यांचं ऐकायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

खेळाचं नाव अजून ठरलेलं नाही. सुचलं तर कळवा. आणि ज्यांच्या घरी असीरगडाचा तो जुना कापडी पट माळ्यावर पडला असेल त्यांनी टाकून देऊ नका. काकांकडे स्वतःची एकही प्रत उरलेली नाही.